हात पोहोचत नाही तिथला टाका: विरघळणारा धागा कसा घडवतात

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ती ग्रंथी पूर्ण काढली की वर मूत्राशय आणि खाली मूत्रमार्ग अशी दोन मोकळी तोंडं उरतात. ती एकमेकांना जोडायची असतात. जागा ओटीपोटाच्या अगदी तळाशी, जघनास्थीच्या मागे. आजूबाजूला शिरांचं जाळं असतं आणि मूत्रमार्गाचं कापलेलं तोंड सारखं आत ओढलं जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन ही जोड तीस-पस्तीस सेंटीमीटर लांब अवजारांनी शिवतात. जोडीतून लघवी गळता कामा नये, आतली वाट आवळली जाता कामा नये, आणि पुढे तिथे धाग्याचा अवशेषही राहता कामा नये. लघवीच्या वाटेत न विरघळणारा धागा राहिला तर त्याच्यावर क्षार साचून खडा धरतो.

कातडीवरचा टाका बिघडला तर तो दिसतो, काढून दुसरा घालता येतो. इथे ती सोय नाही. म्हणून अशा जागेसाठी धागा तयार करताना पुढे काय काय होऊ शकतं याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो: ताकद किती दिवस टिकेल, सुई किती जागेत वळेल, गाठ कोण आणि कशी मारेल.

ताकद आधी जाते, धागा नंतर

रुग्ण नेहमी विचारतात, "टाके किती दिवसांत विरघळतील?" सर्जनच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: टाके किती दिवस धरून ठेवतील? या दोन मुदतींत फार मोठं अंतर असतं.

पॉलिग्लॅक्टिन ९१० हा धागा (व्हिक्रिल या नावाने बहुतेकांना माहीत असलेला) दोन आठवड्यांनी मूळ ताकदीच्या सुमारे ७५ टक्के, तीन आठवड्यांनी ५० टक्के आणि चार आठवड्यांनी २५ टक्के उरतो. पण शरीरातून पूर्ण नाहीसा व्हायला त्याला ५६ ते ७० दिवस लागतात. म्हणजे महिन्यानंतर धागा जागेवर असतो, पण त्याच्या आधाराला फारसा अर्थ उरलेला नसतो. त्याचाच जलद विरघळणारा प्रकार पाचव्या दिवशी निम्म्यावर येतो आणि १० ते १४ दिवसांत ताकदीच्या हिशेबाने संपतो. पोलिग्लेकाप्रोन (मोनोक्रिल) पहिल्याच आठवड्यात निम्म्याच्या जवळ येतो. पॉलिडायॉक्सॅनोन (पीडीएस) मात्र चार आठवड्यांनीही निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद राखतो, आणि पूर्ण जायला सहा-सात महिने घेतो.

याचं कारण धाग्याच्या आतल्या रचनेत आहे. हे सगळे धागे पॉलिएस्टर कुळातले. रेणूंच्या लांब साखळ्या काही भागांत घट्ट, शिस्तीत रचलेल्या असतात (स्फटिकी भाग), तर काही भागांत सैल पडलेल्या असतात. शरीरातलं पाणी आधी सैल भागात शिरतं आणि तिथले एस्टर बंध तोडतं. घट्ट भागांना एकमेकांशी बांधणाऱ्या साखळ्या नेमक्या याच सैल भागातून गेलेल्या असतात. त्या तुटल्या की ताकद ढासळते, पण घट्ट भाग अजून शाबूत असल्याने धागा होता तसाच दिसतो. पुढे तेही फुटतात. शेवटी ग्लायकॉलिक आम्ल, लॅक्टिक आम्ल असे छोटे रेणू उरतात आणि शरीर त्यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात रूपांतर करून टाकतं. पूर्वीच्या कॅटगटचं तसं नव्हतं. तो मेंढ्याच्या किंवा गुरांच्या आतड्यातल्या कोलॅजेनचा धागा, आणि शरीरातल्या पेशींतली, प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) तो खाऊन टाकत. जखमेत संसर्ग झाला की विकरं वाढत आणि कॅटगट ठरल्यापेक्षा खूप आधी तुटे. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा धागा आला आणि १९७४ मध्ये व्हिक्रिल. त्यांचं खरं मोल या बेभरवशातून सुटका होण्यात होतं. पाण्याने तुटणाऱ्या धाग्याचं वेळापत्रक बरंच आधी सांगता येतं.

बरंच, पण पूर्ण नाही. एस्टर बंध अल्कधर्मी द्रवात जास्त वेगाने तुटतात. प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतात आणि लघवी अल्कधर्मी होते. अशा लघवीत पॉलिग्लायकॉलिक आम्लाचे आणि व्हिक्रिलचे धागे छापील वेळापत्रकाच्या खूप आधी तुटतात. त्यामुळे फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंश सेल्सियसला, ७.४ पीएचला काढलेला ताकदीचा आलेख ही फक्त सुरुवात समजायची. मूत्रमार्गासाठीचा धागा लघवीत तपासावा लागतो, संसर्ग झालेल्या लघवीतही. स्वादुपिंडाजवळच्या जोडीसाठी स्वादुपिंडाच्या रसात. तिथे पीडीएस बऱ्यापैकी टिकतो, म्हणून बरेच सर्जन तिथे तोच मागतात.

धागा निवडायचा तो त्या जागेच्या भरून येण्याच्या गतीनुसार. मूत्राशय साधारण तीन आठवड्यांत आपली ताकद परत मिळवतं, त्यामुळे तिथे व्हिक्रिलच्या जातीचा धागा पुरतो. पोटाच्या भिंतीचा जाड पडदा (फॅशिया) अनेक महिने कच्चा असतो. तिथे हाच धागा वापरला तर चौथ्या आठवड्यात आधार संपलेला असतो आणि पडदा अजून कमजोर, म्हणून तिथे हर्नियाची वाट मोकळी होते.

सुईचं गणित

अडचणीच्या जागी पहिला अडथळा येतो तो सुईचा. सुश्रुतसंहितेत मांस कमी असलेल्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळं लांबीची गोल सुई, मांसल भागाला तीन अंगुळांची तीन धारांची, आणि मर्मस्थानं, वृषणकोश आणि पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकडी सुई सांगितली आहे. जागेनुसार सुईचा आकार बदलायचा हे तत्त्व आजही तेच आहे.

२६ मिलिमीटर लांबीची सुई घेऊ. ती अर्धवर्तुळाकार असेल तर ती साडेसोळा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा भाग असते. हीच लांबी वर्तुळाच्या पाच-अष्टमांश इतकी वळवली तर व्यास तेरा मिलिमीटरच्या आसपास येतो. तीन मिलिमीटरहून थोडा जास्त असलेला हा फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण हाडामागच्या फटीत सुईला फिरायला जागा मिळते की नाही हे त्यावर ठरतं. अवजाराचं टोक जागेवरच गोल फिरवायचं आणि सुईने आपल्या वर्तुळात जायचं. हात पुढे ढकलला की उती फाटते. म्हणून ओटीपोटाच्या तळाशी, टाळूच्या मागच्या भागात, नाकात पाच-अष्टमांश सुया वापरतात. त्यांचा तोटा असा की नीडल होल्डरमध्ये (सुई पकडायच्या चिमट्यात) त्या नेमक्या कोनात धरणं कठीण जातं, आणि टोक कुठून बाहेर येईल याचा अंदाज सरावाशिवाय येत नाही. मूत्रमार्गाच्या टाक्यासाठी अनेकजण १७ मिलिमीटरची छोटी अर्धवर्तुळ सुई घेतात, तीही याच कारणाने: तिचं वर्तुळ अकरा मिलिमीटरच्या आत बसतं.

सुईचं टोक गोल, बिनधारेचंच हवं. धारदार त्रिकोणी टोक मऊ नळीत चीर पाडतं आणि त्या चिरेतून लघवी गळते. सुई आणि धाग्याच्या जाडीतला फरकही कमी हवा, कारण भोक सुई पाडते आणि ते भरायचं धाग्याने. फरक मोठा असेल तर प्रत्येक टाका हीच एक गळती होते. आजच्या सुईला नेढं नसतं. तिच्या मागच्या टोकाला लेझरने बारीक भोक पाडून धागा आत घालतात आणि सुईचं पोलाद त्यावर दाबतात. ही पकड कच्ची राहिली तर सुई खोल जागी सुटते. मग ती शोधायला वेळ जातो आणि प्रसंगी एक्स-रेही काढावा लागतो.

गाठ हीच अडचण

उघड्या जखमेत सर्जन दोन बोटांनी गाठ बसवतात आणि ती बसली की नाही हे बोटांना कळतं. दुर्बिणीत अवजार पोटाच्या भिंतीतल्या पोर्टभोवती (अवजार आत घालायच्या नळीभोवती) फिरतं. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, आणि स्पर्शाची जाणीव जवळजवळ नसते. गाठीचा पहिला वेढा बसवून दुसरा मारेपर्यंत पहिला सैल होतो. ही सैल गाठ बाहेरून चांगली दिसते.

धाग्याचा पोत इथे आडवा येतो. व्हिक्रिल हा बारीक तंतूंची वेणी आहे. शुद्ध पॉलिग्लायकॉलिक आम्ल इतकं ताठ असतं की त्याचा एकसंध जाड धागा वापरता येत नाही, म्हणून वेणीच घालावी लागते. वेणीची गाठ चांगली बसते, तीन-चार वेढे पुरतात. पण वेणी उतीतून ओढताना घासते आणि तंतूंमधल्या फटींतून द्रव आणि जंतू वर चढतात. त्यासाठी कॅल्शियम स्टिअरेटसारखा लेप देतात. पीडीएस, मोनोक्रिल हे एकतंतू धागे गुळगुळीत सरकतात, जंतूंना आडोसा देत नाहीत, पण पाकिटातल्या घड्यांची वळणं त्यांच्यात राहतात आणि गाठ उकलू पाहते. पाच-सहा वेढे घ्यावे लागतात. प्रत्येक वेढ्याला दुर्बिणीत वेळ जातो. शिवाय जोडीतला सर्वांत कमजोर बिंदू गाठीपाशीच असतो. धागा ताणला की तो बहुधा तिथेच तुटतो, म्हणूनच धाग्याच्या ताकदीची चाचणी मुद्दाम गाठ मारून करतात: अमेरिकी प्रमाणकानुसार ३-० जाडीच्या (या मापात पहिला आकडा जितका मोठा तितका धागा बारीक) विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्याने, म्हणजे ०.२ ते ०.२५ मिलिमीटर व्यासाच्या, गाठ मारलेल्या स्थितीत सरासरी किमान १.७७ किलो ताण सोसला पाहिजे.

एक चूक इथे वारंवार होते. एकतंतू धाग्याचा शरीरात राहणारा भाग नीडल होल्डरच्या जबड्यात धरला तर तिथे तो चेपतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण त्या जागी तो काही दिवसांत तुटू शकतो. पकडायचं ते पुढे कापून टाकायच्या टोकालाच.

गाठींची संख्या कमी करणं हा पहिला मार्ग. ब्रसेल्सच्या व्हॅन व्हेल्टहोव्हेन यांनी २००३ मध्ये मूत्राशय-मूत्रमार्ग जोडीची जी पद्धत मांडली तिच्यात प्रत्येकी सुमारे १५ सेंटीमीटरचे दोन धागे, एक रंगीत आणि एक बिनरंगी, शेपटांशी एकमेकांना बाहेरच बांधून घेतात. ही गाठ उघड्या टेबलावर हातांनी मारलेली असते, म्हणून भरवशाची. आत गेल्यावर घड्याळाच्या सहाच्या जागेपासून सुरुवात करून एक धागा उजवीकडून, दुसरा डावीकडून बाराच्या जागेपर्यंत शिवत न्यायचा. पहिले दोन-तीन टाके सैल ठेवून मग दोन्ही धागे आळीपाळीने ओढत मूत्राशय खाली आणायचं. आतमध्ये गाठ एकच, शेवटी. दोन रंगांमुळे रक्ताळलेल्या जागेतही कोणता धागा कोणत्या बाजूचा हे कळतं. नंतर नळी घालून मूत्राशयात दीडशे मिलिलिटरच्या आसपास सलाइन भरतात आणि गळती तपासतात.

दुसरा मार्ग गाठच काढून टाकण्याचा. पीडीएसच्या छोट्या विरघळणाऱ्या क्लिपा धाग्याच्या टोकाला लावतात. मूत्रपिंडातला ट्यूमर काढताना रक्तवाहिनी बंद ठेवलेली असते, मिनिटं मोजूनच काम चालतं. तिथे क्लिप धाग्यावर सरकवत मूत्रपिंडाच्या कडेपर्यंत आणून घट्ट करतात. मूत्रपिंडाची उती इतकी मऊ की साधी गाठ तिला कापत जाते. क्लिपमुळे ताण थोड्या मोठ्या जागेवर पसरतो.

काटेरी धागा

तिसरा मार्ग जास्त मूलगामी आहे. धाग्यालाच काटे. कपड्यात शिरलेलं कुसळ एका दिशेनेच सरकतं, उलटं ओढलं तर रुततं. तसे एकतंतू धाग्याच्या अंगावर तिरके छेद देऊन काटे उभे करतात. या कल्पनेचं पेटंट आल्कामो यांनी १९६४ मध्येच घेतलं होतं, पण विरघळणारा काटेरी धागा मोठ्या प्रमाणावर वापरात आला तो या शतकात. एका प्रकारात सगळे काटे एकाच दिशेने आणि शेवटी एक छोटा फास असतो: पहिला टाका घेऊन सुई फासातून ओढली की धागा अडकला. दुसऱ्या प्रकारात धाग्याच्या मध्यापासून काटे दोन विरुद्ध दिशांना आणि दोन्ही टोकांना सुया. म्हणजे वर सांगितलेली दोन धाग्यांची पद्धत एकाच धाग्यात, गाठीशिवाय.

काट्यांची घडण हा तडजोडीचा हिशेब आहे. छेद खोल दिला तर काटा लांब होतो आणि चांगला रुततो, पण धाग्याचा गाभा तेवढाच बारीक होतो. उथळ दिला तर गाभा वाचतो, मात्र मऊ उतीत काटा धरत नाही. छेदाचा कोन फार उघडा ठेवला तर ओढताना काटा मुळापासून सोलला जातो. म्हणून अनेकदा एक माप जाड धागा घेऊन त्याचे काटे कापतात: २-० चा धागा काटे कापल्यावर साधारण ३-० ची ताकद देतो. काही उत्पादक मापच काटे कापल्यानंतरच्या ताकदीप्रमाणे छापतात. दोन कंपन्यांचा "२-०" सारखाच असेल असं धरून चालू नये, पाकीट वाचावं. गाभा वाचवण्यासाठी काही धाग्यांना काटे कापण्याऐवजी साच्यात दाबूनही बनवतात.

वेणीच्या धाग्याला काटे कापता येत नाहीत, तंतू सुटतात. एकतंतूच हवा. म्हणून काटेरी धागे पॉलिडायॉक्सॅनोन, पॉलिग्लायकोनेट अशा लवचीक पदार्थांचे असतात. लवकर जाणारे प्रकार सुमारे तीन महिन्यांत शोषले जातात, टिकाऊ प्रकार सहा महिन्यांत.

वापरताना साध्या धाग्याची सवय घातक ठरते. साधा धागा सैल वाटला तर शेवटी ओढून सगळे टाके आवळता येतात. काटेरी धाग्यात मागच्या टाक्यापर्यंत ताण पोहोचतच नाही, कारण मधले काटे त्याला अडवतात. प्रत्येक टाका घेतल्याघेतल्या तिथेच घट्ट करावा लागतो. आणि जास्त घट्ट झाला तर सैल करता येत नाही. मूत्रमार्गाच्या जोडीत हे विशेष लक्षात ठेवावं: जास्त आवळलेल्या काठाचा रक्तपुरवठा तुटतो, काठ मरतो, लघवी गळते, किंवा जागा नंतर आवळून अरुंद होते. टाका चुकला तर धागा उलटा ओढू नये, कापून काढावा. शेवटी दोन टाके उलट्या दिशेने घेऊन धागा उतीला अगदी लागून कापतात. हे शेवटचं पाऊल कधीच ढिलाईने करू नये. गर्भाशयाच्या किंवा ओटीपोटाच्या इतर ऑपरेशनांनंतर बाहेर राहिलेल्या काटेरी टोकात आतडं अडकून त्याला पीळ पडल्याचे आणि अडथळा आल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. टोक आखूड कापणं आणि शक्य तिथे त्यावर पेरिटोनियमचा पडदा (पोटाच्या आतलं अस्तर) ओढून घेणं हाच उपाय.

पोर्टमधून आत नेताना सुई नव्हे, सुईपासून दोन-तीन सेंटीमीटर मागचा धागा धरतात, म्हणजे सुई मागून लोंबत येते आणि झडपेत अडकत नाही. काटेरी धागा गॉजवर, हातमोज्यावर टेकवला तरी चिकटतो आणि सूत ओढून आत नेतो. तो थेट पाकिटातून पोर्टकडे जावा.

कारखान्यातला शत्रू: पाणी

ज्या पाण्याने धागा शरीरात विरघळवायचा, तेच पाणी कारखान्यात त्याचा नाश करतं. ग्लायकोलाइड, लॅक्टाइड किंवा डायॉक्सॅनोन या वलयाकार रेणूंची वलयं कथिलाच्या उत्प्रेरकाने उघडून लांब साखळी बनवतात. या पदार्थाचे दाणे निर्वातात वाळवून वितळवतात, बारीक छिद्रातून तंतू काढतात आणि मग तो मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतात. ताणल्यानेच साखळ्या एका दिशेने लागतात आणि ताकद येते. दाण्यांत ओल राहिली तर वितळवण्याच्या उष्णतेत साखळ्या तुटून आखूड होतात. असा धागा पहिल्या दिवशीच्या ताणचाचणीत पास होऊ शकतो, पण रुग्णाच्या पोटात ठरल्याआधी दगा देतो. न जुळलेला मूळ रेणू आत राहिला तरी तो आम्ल होऊन आतूनच विघटन वाढवतो. जास्त ताणलेला तंतू लांबीच्या दिशेने चिरतो, आणि काटे कापताना ही चीर गाभ्यात जाते.

निर्जंतुकीकरणाला वाफ चालत नाही, ती धागाच मोडते. गॅमा किरण साखळ्या तोडतात. म्हणून इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात, मग वाळवून ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद करतात. ऑपरेशन थिएटरमध्ये फोडलेलं पाकीट पुन्हा निर्जंतुक करून वापरणं म्हणूनच धोक्याचं आहे. धाग्याच्या रंगरूपात काही बदल दिसत नाही, ताकदीचा आलेख मात्र बदललेला असतो. सलाइनमध्ये भिजवून ठेवणं हेही चुकीचं.

रुग्णाने लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्याच. पोटाच्या आतले टाके "विरघळले का" हे तपासायची गरज नसते. गर्भपिशवी काढल्यानंतर काही आठवड्यांनी योनीमार्गातून धाग्याचा छोटा तुकडा बाहेर आला तर तो बहुधा ताकद संपलेला धागाच असतो; जो सैल बाहेर आला तो आला, पण आत अडकलेला ओढू नये. ताप, दुर्गंधी, वाढता रक्तस्राव किंवा अचानक पाण्यासारखा स्राव सुरू झाला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी चुकून निघाली किंवा बंद पडली तर ती घरी किंवा जवळच्या दवाखान्यात अंदाजाने परत घालू देऊ नये. ज्या टीमने ऑपरेशन केलं त्यांना लगेच कळवावं, कारण ताजी जोड त्या वेळी फक्त धाग्याच्या आधारावर उभी असते.